पंडितजींच्या हातातला कुंचला

वेदांचे भाष्यकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर म्हटले, की आमच्या पिढीला आठवतात ती त्यांची घरबसल्या संस्कृत शिकवणारी पुस्तके आणि जाडजूड वेदग्रंथ. परंतु वयाच्या पन्नाशीपर्यंत या माणसाची चूल पेटत होती ती कुंचल्यावर, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जन्म १८६७ चा, सावंतवाडीजवळच्या कोलगावचा. घरी वेदपाठाची परंपरा, पण मुलाचा हात रेषेत रमणारा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी मानाचे मेयो पदक मिळवले. समोरचा माणूस छायाप्रकाशासह जसाच्या तसा कॅनव्हासवर उतरवायचा, ही तिथली वास्तववादी शिस्त. छायाचित्रे अजून महाग होती, आणि घराण्यातल्या कर्त्या पुरुषाचे तैलचित्र दिवाणखान्यात असणे ही प्रतिष्ठा होती. अशा चित्रकाराला संस्थानांच्या राजधान्यांत काम मिळे. १९०० च्या सुमारास सातवळेकर हैदराबादला गेले ते याच आशेने.

आपला धाराशिव भाग तेव्हा निजामाच्याच राज्यात. कचेरीची भाषा उर्दू, मराठी शाळा मोजक्या. पोर्ट्रेटची कामे मिळू लागली, हातात पैसा खेळू लागला. एवढ्यावर कोणीही सुखाने थांबला असता. सातवळेकर मात्र चित्रशाळेतून उठून आर्यसमाजाच्या सभांना जात, व्याख्याने देत, तरुणांना व्यायामाला लावत. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्यांच्या साथीने १९०६-०७ च्या सुमारास विवेकवर्धिनी ही शाळा उभी राहिली. तिच्या उभारणीत या चित्रकाराचाही हात होता. पुढे मराठवाड्यातल्या कितीतरी मुलांना हैदराबादेत आधार वाटला तो याच शाळेचा.

अडचण अशी, की ज्या वर्गाची चित्रे काढून पोट भरायचे, त्याच वर्गाला ही चळवळ खुपत होती. त्यात अथर्ववेदातल्या भूमिसूक्तावर त्यांनी वैदिक राष्ट्रगीत या नावाने लिहिले, आणि हजारो वर्षांच्या ऋचांत इंग्रज सरकारला राजद्रोह दिसला. पुस्तिका जप्त झाली. सरकारी नजर कडक होताच चांगले बसलेले बस्तान मोडून त्यांना हैदराबाद सोडावे लागले. वय चाळीस, पदरी संसार.

ते हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलाकडे गेले. पण कोल्हापूरच्या विश्ववृत्त मासिकात वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवर त्यांनी लिहिलेला लेख आधीच छापून झाला होता. १९०८ मध्ये त्यापायी संपादक विष्णु गोविंद विजापूरकर तुरुंगात गेले. सातवळेकरांनाही पकडण्यात आले, कोठडी वाट्याला आली.

सुटल्यावर कुठे जायचे? त्यांनी थेट लाहोर गाठले. अनोळखी मुलूख, अनोळखी भाषा. तिथे चित्रकलेचा आणि छायाचित्रांचा स्टुडिओ काढून त्यांनी शून्यातून पुन्हा धंदा उभा केला. दिवसा गिऱ्हाइकांचे चेहरे, आणि उरलेल्या वेळी वेदांचा अभ्यास. महायुद्धाच्या काळात मायकेल ओड्वायरच्या पंजाबात दडपशाही वाढली. १९१८ च्या सुमारास हेही दुकान आवरावे लागले.

या वेळी साताऱ्याकडच्या औंध संस्थानाने जागा दिली. तिथले अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. चित्रकाराला चित्रकाराने आसरा दिला आणि औंधात स्वाध्याय मंडळ उभे राहिले. तेथून पुढे कुंचला मागे पडला आणि लेखणी पुढे आली. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या वावटळीत तेही गाव सुटले आणि गुजरातेतल्या पारडीला नवा डाव मांडला. १९६८ साली, वयाच्या एकशेएकाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

बँकेत उभा जन्म काढल्यामुळे माझी नजर आधी हिशेबाकडे जाते. चाळिशीत माणूस कर्ज घेताना दहादा विचार करतो, मुलांची शिक्षणे मोजतो. सातवळेकरांनी याच वयात आपला धंदा दोनदा गमावला, आणि दोन्ही वेळा कारण एकच होते. गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून बोलायचे थांबायचे, हे त्यांना जमले नाही. कलेकडेही त्यांनी पाठ फिरवली नाही. चिरंजीव माधवराव नामवंत चित्रकार झाले, राज्याचे कलासंचालकही झाले.

घरात सातवळेकरांचे एखादे पुस्तक असेल, तर या रविवारी धूळ झटकून मुलांच्या हाती द्या, आणि ते लिहिणारा हात आधी माणसांचे चेहरे रंगवत होता, हेही सांगा.