पाय थांबले, गोष्ट चालत राहिली



आपल्या पनवेलची तरुण मुले पावसाळ्यात सिंहगडावर सहलीला जातात, पिठलं-भाकरी खाऊन संध्याकाळी परत येतात. त्याच सिंहगडाच्या रानात १९०५ साली मुंबईचा एक २३ वर्षांचा तरुण शिकारीला गेला आणि कड्यावरून कोसळला.

त्याचे नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. जन्म ३ एप्रिल १८८२चा. कुलाब्याला तोफांच्या कारखान्यात नोकरी आणि शिकारीचा नाद. त्या पडण्याने त्याचे कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. जीव वाचला, पण पुढे काय? ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घराला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

द्वारकानाथ लिहू लागले. स्वतःचे आणि वडिलांचे नाव जोडून ‘नाथमाधव’ झाले. १९०८ साली ‘प्रेमवेडा’ आली. १९१३ साली ‘वीरधवल’ आली, साहस आणि अद्भुत यांनी भरलेली. ती लिहिली मोठ्यांसाठी, पण मुलांनीही ती आपलीशी केली. पुढे ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून त्यांनी शिवकालावर कादंबऱ्यांची माळ गुंफली. ज्या सह्याद्रीने त्यांचे पाय घेतले, त्याच सह्याद्रीत त्यांनी वाचकांना मावळ्यांबरोबर फिरवून आणले.

२१ जून १९२८ रोजी ते वारले. आम्ही सहज हिशेब केला आणि थबकलो. पायांवर २३ वर्षे, पायांविना २३ वर्षे. महाराष्ट्राने वाचले ते या दुसऱ्या तेवीस वर्षांतले. आज त्यांची पुस्तके क्वचितच कोणी मागते. पण माणूस निकामी झाला असे आपण किती घाईने ठरवतो, हे दाखवायला त्यांचे आयुष्य पुरेसे आहे.

आणखी एक गोष्ट मनात येते. त्यांना कोणीतरी उठवून बसवले असेल, कागद हाताशी ठेवला असेल. असे हात पुस्तकावर छापले जात नाहीत.

आपल्या धर्मग्रामातही अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत. आपण फळे घेऊन जातो, प्रार्थना करतो, तब्येत विचारतो आणि निघतो. पुढच्या वेळी थोडे जास्त बसू या. सोबत एखादे लहान मूल नेऊ या आणि त्या आजी-आजोबांना म्हणू या, याला एक गोष्ट सांगा.