तिलिस्माची किल्ली

देवकीनंदन खत्री यांचा जन्म १८६१ चा, बिहारमधला. कर्मभूमी मात्र काशी. चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका त्यांच्याकडे होता. त्या निमित्ताने तिथले पडके किल्ले, गुहा, भुयारे त्यांच्या पायांखालून गेली. ठेका सुटला आणि हा व्यापारी माणूस लेखणीकडे वळला. बँकेत हयात घालवलेल्या मला या वळणाचे भारी अप्रूप वाटते. १८८८ साली ‘चंद्रकांता’ आली, मग ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग. ते वाचण्यासाठी उर्दू जाणणारे कितीतरी लोक नागरी लिपी शिकले. १८९८ साली त्यांनी स्वतःचा लहरी प्रेस काढला. १९१३ साली ते गेले, तेव्हा ‘भूतनाथ’ अपुरी होती. ती मुलाने, दुर्गाप्रसादांनी, पुरी केली.

१९९४ साली नीरजा गुलेरींची मालिका दूरदर्शनवर आली. अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंह घरोघरी पोचला. मीही ती आवडीने पाहत असे. पण पडद्यावर जादूटोणा शिरला. खत्रींचा तिलिस्म म्हणजे माणसाने रचलेली करामत: कळ, कुलूप, चोरवाट. कोडे सुटते ते बुद्धीने. चमत्कारापुढे माणूस हात जोडतो. कुलपापुढे किल्ली शोधतो. खत्रींनी वाचकाच्या हाती दिलेली ती किल्ली मालिकेत हरवली.