पंधराव्या वर्षी धर्मप्रचाराला निघालेला जोसेफ स्मिथ आणि वाळवंटातले इओसेपा

१९७२ साली थायलंडमध्ये दोन अमेरिकन तरुणांना तुरुंगवास झाला. दोघेही मॉर्मन पंथाचे धर्मप्रचारक होते. सुखोथायच्या प्राचीन अवशेषांत फिरताना त्यांच्यापैकी एक जण बुद्धमूर्तीवर चढून बसला आणि दुसऱ्याने त्याचा फोटो काढला. फोटो वर्तमानपत्रात छापून आला आणि थायलंडभर संताप उसळला. ज्या देशात मूर्तीच्या दिशेने पाय करून बसणेही लोकांना खटकते, त्या देशातली ही गोष्ट.

मॉर्मन पंथ १८३० साली अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केला. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नामपट्टी आणि नेहमी दोघांची जोडी, ही त्यांच्या प्रचारकांची ओळख. मुलगे दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष घरदार सोडून परमुलखात जातात. २०१२ पासून मुलांसाठी किमान वय अठरा आहे. बेंगळुरूसारख्या आपल्या महानगरांतही ते दिसतात.

मूर्तीवर चढणारी ती पोरे वाईट होती, असे म्हणून विषय संपवता येतो. पण धर्माचा प्रचार करायला कोवळ्या वयात बाहेर पडलेला माणूस दुसऱ्याच्या श्रद्धेकडे कसा पाहतो, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. आपली मुलेही श्रामणेर शिबिरे करून गावोगाव धम्म सांगायला जातात. म्हणून याच मॉर्मन पंथातल्या एका माणसाचे आयुष्य पाहू. त्याचे नाव जोसेफ एफ. स्मिथ. पंथसंस्थापक जोसेफ स्मिथ यांचा तो पुतण्या आणि पुढे पंथाचा सहावा अध्यक्ष.

छळातले बालपण

जोसेफ एफ. स्मिथ यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८३८ रोजी मिसूरी राज्यातल्या फार वेस्ट या गावी झाला. त्याच्या दोन आठवडे आधीच मिसूरीच्या राज्यपालाने मॉर्मन लोकांना राज्याबाहेर हाकला किंवा संपवून टाका, असा लेखी हुकूम काढला होता. जन्माच्या वेळी वडील हायरम स्मिथ कैदेत होते. सशस्त्र माणसे घराची झडती घ्यायला शिरली, तेव्हा त्यांनी उलथेपालथे केलेल्या अंथरुणाखाली हे तान्हे बाळ दबले. बाहेर काढले तेव्हा ते निळे पडले होते. कसेबसे वाचले.

२७ जून १८४४ रोजी इलिनॉय राज्यातल्या कार्थेजच्या तुरुंगावर जमाव चालून गेला. त्यात वडील आणि काका दोघेही मारले गेले. खटला चालला, आरोपी निर्दोष सुटले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. पुढे सगळ्या पंथालाच इलिनॉय सोडावे लागले. आई मेरी फील्डिंग हिने बैलगाड्या जुंपून पोरांसह पश्चिमेची वाट धरली. नऊ वर्षांचा जोसेफ स्वतः बैल हाकत १८४८ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला. चार वर्षांनी आईही गेली. तेराव्या वर्षी मुलगा पोरका झाला.

असा मुलगा रागीट होणार, यात नवल नाही. शाळेतल्या मास्तराने धाकट्या बहिणीला मारायला चामडी पट्टा उचलला, तेव्हा जोसेफ मास्तरावरच धावून गेला. शाळा सुटली. त्यानंतर लवकरच, एप्रिल १८५४ मध्ये, पंथाच्या अधिवेशनात त्याला धर्मप्रचारासाठी हवाई बेटांवर पाठवायचे ठरले. वय वर्षे पंधरा.

माऊई बेटावरची माय

जहाजाच्या भाड्याला पैसे नव्हते. वाटेत कॅलिफोर्नियात मजुरी करून त्याने ते जमवले आणि २७ सप्टेंबर १८५४ रोजी तो होनोलुलूला उतरला.

त्या वेळचे हवाई समजून घ्यायला हवे. तिथे हवाईयन लोकांचे स्वतःचे राज्य होते, पण लोक झपाट्याने मरत होते. गोरे लोक येण्यापूर्वी तिथे काही लाख माणसे होती, असे मानले जाते. १८५३ च्या जनगणनेत सगळे मिळून ७३ हजारांच्या आसपास माणसे उरली होती. बाहेरून आलेल्या रोगांनी गावे ओस पाडली होती. १८५३ साली देवीच्या साथीने पुन्हा हजारो बळी घेतले. १८२० पासून प्रोटेस्टंट मिशनरी तिथे होते. त्यांच्या प्रभावाखाली १८३० मध्ये हुला हे पारंपरिक नृत्य सार्वजनिकरीत्या करण्यावर बंदी आली होती. हुला म्हणजे नुसता नाच नव्हे. लिपी येण्याआधी या लोकांचा इतिहास, वंशावळी आणि देवांच्या कथा त्या नृत्यगीतांतूनच पुढच्या पिढीकडे जात.

पहिले दहा मॉर्मन प्रचारक १८५० च्या डिसेंबरात हवाईला पोहोचले, तेव्हा बेटांवरच्या गोऱ्यांनी त्यांना दाद दिली नाही. काही जण परत निघाले. जॉर्ज कॅनन या तरुणाने मात्र हवाईयन भाषा शिकून थेट मूळनिवासींकडे जायचे ठरवले. जोनाथन नापेला या हवाईयन विद्वानाच्या मदतीने त्याने आपल्या पंथाचा ग्रंथ हवाईयन भाषेत आणला. ही वाट तयार झाल्यावर जोसेफ तिथे आला.

त्याला माऊई बेटावरच्या कुला भागात धाडले गेले. तिथे तो तापाने अंथरुणाला खिळला. मानुही नावाच्या हवाईयन बाईने त्याला घरात ठेवून घेतले आणि पोटच्या पोरासारखे सांभाळले. दोन वर्षांपूर्वी आई गमावलेल्या मुलाला हजारो मैलांवर दुसरी आई मिळाली. सुमारे शंभर दिवसांत तो हवाईयन भाषा बोलू लागला. त्या काळचे मॉर्मन प्रचारक खिशात पैसे न ठेवता फिरत. लोक देतील ते खायचे, लोक ठेवतील तिथे झोपायचे. जोसेफनेही लोकांबरोबर चटईवर बसून पोई खाल्ली, त्यांच्याच झोपड्यांत रात्री काढल्या. माऊई, हवाई, मोलोकाई अशा बेटांवर विशीच्या आतच त्याने पंथाचे काम सांभाळले. लोक त्याला इओसेपा म्हणत. जोसेफ या नावाचे ते हवाईयन रूप.

भिक्षापात्र घेऊन दारोदार जाणारा भिक्खू आपल्याला परका नाही. ज्याच्या घरी जेवायचे त्याच्यापेक्षा स्वतःला उंच समजणे अवघड जाते. या पोराला लोकांची भाषा आणि प्रेम दोन्ही मिळाले, कारण तो त्यांच्या दारात गरजवंत म्हणून उभा होता.

आदराची हद्द

मात्र चित्र एवढेच नाही. त्याच्या त्या काळातल्या ज्या रोजनिशा उरल्या आहेत, त्यांत हवाईयन लोकांच्या राहणीबद्दल आणि स्वभावाबद्दल चिडका, तुच्छतेचा सूरही आहे. ज्यांचे अन्न खाल्ले, त्यांच्याबद्दलच तो असे लिहीत होता.

त्याहून खोल अडचण विचारातच होती. हवाईयन लोक हे प्राचीन इस्राएलचे वंशज आहेत, अशी मॉर्मन प्रचारकांची समजूत होती. वरवर पाहता हा सन्मान वाटतो, आणि त्या काळच्या इतर गोऱ्यांच्या वागणुकीपेक्षा तो बरा होता, हेही मान्य करायला हवे. पण या लोकांकडे त्यांच्या स्वतःच्या वंशावळी होत्या, पूर्वजांच्या कथा होत्या, समुद्र ओलांडून आल्याच्या आठवणी होत्या. त्या बाजूला सारून त्यांना दुसऱ्याच्या ग्रंथातल्या वंशावळीत बसवले गेले. माणसावर प्रेम केले, त्याच्या परंपरेला मात्र स्वतःचा अर्थ असू दिला नाही. समाजशास्त्रात ज्याला सांस्कृतिक वर्चस्व म्हणतात, ते नेहमी काठी घेऊन येत नाही. कधी ते मायेनेही येते.

१८५७ मध्ये जोसेफ परत निघाला. १८६४ साली त्याला पुन्हा हवाईला जावे लागले. वॉल्टर गिब्सन नावाच्या माणसाने लानाई बेटावर मॉर्मन वसाहतीचा ताबा घेतला होता. धर्मातली पदे तो पैसे घेऊन देत होता. लोकांनी आपले होते नव्हते ते विकून दिलेल्या पैशांतून घेतलेली जमीन त्याने स्वतःच्या नावावर केली होती. त्याला पंथातून काढले, पण जमीन त्याच्याकडेच राहिली. पुढे तो हवाई राज्याचा पंतप्रधान झाला. फसले ते श्रद्धेने आलेले गरीब.

धर्म एक, वस्ती वेगळी

१८६५ मध्ये पंथाने ओआहू बेटावर लाये येथे सुमारे सहा हजार एकर जमीन घेतली. बहुपत्नीत्वाच्या विरोधात अमेरिकी सरकारने धरपकड सुरू केली, तेव्हा १८८५ ते १८८७ या काळात जोसेफ स्मिथ तिथेच लपून राहिले. त्यांची सहा लग्ने झाली होती, आणि पंथातल्या स्त्रियांवर या प्रथेने काय ओझे टाकले, हे विसरून त्यांचे चरित्र सांगता येत नाही.

याच सुमारास काही हवाईयन कुटुंबे सॉल्ट लेक शहरात राहायला आली होती. पंथाचे मंदिर तिथे बांधले जात होते, ती त्यांच्या दृष्टीने पवित्र भूमी होती. पण शहरातल्या गोऱ्या धर्मबांधवांना हे शेजारी नको होते. १८८९ साली युटाच्या न्यायालयाने एका हवाईयन माणसाला नागरिकत्व नाकारले. हवाईयन लोक गोरे नाहीत, हे त्यामागचे एक कारण होते. त्याच वर्षी पंथाने या कुटुंबांसाठी शहरापासून सुमारे ७५ मैलांवर, स्कल व्हॅली नावाच्या वैराण खोऱ्यात जमीन घेतली. गावाला त्यांनी आपल्या लाडक्या प्रचारकाचे नाव दिले : इओसेपा.

समुद्राकाठी वाढलेली माणसे बर्फ आणि धुळीच्या मुलखात गेली. त्यांनी डोंगरातून पाणी आणले, झाडे लावली, रस्ते आखले, शाळा चालवली. १९११ साली राज्यातले सर्वांत नीटनेटके आणि प्रगतिशील गाव म्हणून इओसेपाचा गौरव झाला. वस्ती दोनशेच्या वर गेली. पण थंडी आणि आजारांनी माणसेही खूप नेली. १९१५ मध्ये जोसेफ स्मिथ यांनी लाये येथे मंदिराची जागा समर्पित केली आणि हवाईलाच मंदिर होणार हे स्पष्ट झाले. त्यानंतर लोक परत फिरू लागले, आणि १९१७ पर्यंत गाव रिकामे झाले. आज तिथे कबरस्तान उरले आहे. दरवर्षी मे महिन्यात त्यांचे वंशज तिथे जमतात.

हे वाचताना आपल्याला गावकुसाबाहेरची वस्ती आठवल्याशिवाय राहत नाही. धर्म बदलला, पण वस्ती वेगळीच राहिली. बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्णय घेण्यापूर्वी आणि नंतरही हाच प्रश्न तपासला होता. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांची चर्चमध्ये काय स्थिती आहे, यावर त्यांनी स्वतंत्र लेखन केले. तिथेही जात पाठोपाठ गेलेली त्यांना दिसली.

अध्यक्षपदाची वर्षे

१९०१ मध्ये जोसेफ स्मिथ पंथाचे अध्यक्ष झाले. १९०४ मध्ये त्यांनी नव्या बहुपत्नी विवाहांवर कडक बंदी घातली. पण एका बाबतीत ते मागे गेले. एलायजा एबल हे पंथाच्या सुरुवातीच्या काळातले कृष्णवर्णीय धर्माधिकारी. त्यांची दीक्षा खरी असल्याचे १८७९ मध्ये स्वतः स्मिथ यांनी सांगितले होते. १९०८ मध्ये अध्यक्ष असताना त्यांनी नेमके उलट सांगितले, की ती दीक्षा रद्द ठरवली गेली होती. कृष्णवर्णीय पुरुषांना धर्माधिकार न देण्याचा नियम पंथात १९७८ पर्यंत टिकला. ज्या मुलाला परक्या वर्णाच्या बाईने जगवले, तोच मोठेपणी अधिकाराच्या खुर्चीत बसून वर्णभेदाला बळ देतो. व्यक्तिगत प्रेम संस्थेची विषमता आपोआप मोडत नाही, याचा हा पुरावा आहे.

म्हातारपणी ते होनोलुलूला गेले असता बंदरावरच्या गर्दीत एक अंध वृद्धा त्यांना इओसेपा अशी हाक मारत आली. हातात केळी होती. ती मानुही होती. स्मिथ धावत गेले आणि त्यांनी तिला मिठी मारली. ही आठवण सोबतच्या सहकाऱ्याने पुढे सांगितली. १९ नोव्हेंबर १९१८ रोजी स्मिथ यांचे निधन झाले.

आपण काय घ्यायचे

बुद्धांनी पहिल्या साठ भिक्खूंना प्रचाराला पाठवताना दोघांनी एका वाटेने जाऊ नये, असे सांगितले. त्यामागे बहुजनांचे हित हा हेतू होता. निगंठांचा उपासक उपाली बुद्धांकडे आला, तेव्हा पूर्वीच्या गुरूंच्या साधूंना दान देणे त्याने बंद करू नये, असे बुद्धांनीच त्याला सांगितले. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखाचा आशय असा, की स्वतःच्या पंथाचा उदोउदो करण्यासाठी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाचे नुकसान करतो. याच मालिकेतल्या आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे आपल्या सोपाऱ्याला सापडले आहेत. हा वारसा आपल्या दाराशी आहे.

याचा अर्थ चिकित्सा सोडायची असा नाही. बावीस प्रतिज्ञा आपण घेतल्या आहेत, त्या पाळायच्याच. विषमता शिकवणाऱ्या ग्रंथाला प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे. पण प्रतिज्ञा माणूस स्वतःसाठी घेतो. शेजारच्या म्हातारीच्या देव्हाऱ्याचा व्हिडिओ काढून मोबाईलवर खिल्ली उडवणे ही चिकित्सा नव्हे. सुखोथायच्या त्या फोटोने आपल्याला राग येतो, तर तोच नियम आपल्या हातातल्या फोनलाही लावला पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. गेल्या काही वर्षांत मातंग, भटके-विमुक्त आणि ओबीसी समाजातली कुटुंबे धम्मात येत आहेत. दीक्षेच्या दिवशी आपण त्यांना हार घालतो. त्यानंतर विहाराच्या समितीत त्यांना पद मिळते का? त्यांच्या घरी आपली सोयरीक होते का? वस्तीतल्या जयंतीच्या मंडळात त्यांचा शब्द चालतो का? उत्तर नाही असेल, तर आपणही एक इओसेपा वसवतो आहोत. नाव प्रेमाने दिलेले असेल, गाव मात्र वेगळेच राहील.

वर्षावासात गावोगाव जाणाऱ्या प्रत्येक गटाने दोन गोष्टी कराव्यात. ज्या घरी जाल तिथे आधी त्या घराची गोष्ट ऐका, आणि मगच धम्म सांगा. परतल्यावर आपल्या विहाराच्या कार्यकारिणीची यादी काढा आणि त्यात कोण नाही ते पाहा.

नमो बुद्धाय, जय भीम.