पुराणिकाची मुलगी

निपाणीला मी आठवड्यातून दोन दिवस गाण्याच्या शिकवणीसाठी जातो. तिथल्या एका ख्रिस्ती घरात बाजाच्या पेटीशेजारी मराठी बायबलाची जुनी प्रत जपून ठेवलेली आहे. परवा शिकवणी आटोपल्यावर विद्यार्थिनीच्या आजीने ती माझ्या हाती दिली आणि एक उतारा मोठ्याने वाचायला लावला. मी वाचत गेलो. कुठे अडखळलो नाही, की श्वास मध्येच तुटला नाही. हे मराठी लिहिणाऱ्याचा कान तयार असला पाहिजे, हे तेव्हाच ध्यानात आले. भाषांतर पंडिता रमाबाईंचे होते.

माझे वडील दरबारी गवई. जुन्या मराठी घराण्यांतून त्यांची ऊठबस असे. तिथे रमाबाईंचे नाव निघाले की विद्वत्ता मान्य करून झाल्यावर बोलणे एका उसाशावर थांबे. वाचकांपैकी पुष्कळांनी तो उसासा आपापल्या घरी ऐकला असेल. मीही बरीच वर्षे तेवढ्यावरच थांबलो होतो.

रमाबाईंचे घराणेही कानडी मुलखात राहून मराठी बोलणारे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मंगळूरकडचे. पत्नीला संस्कृत शिकवल्यावरून भावकीचा रोष झाला, तेव्हा ते बिऱ्हाड घेऊन घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. त्या सहा महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब पुन्हा वाटेला लागले. देवळात, घाटावर पुराण सांगायचे, दक्षिणा पडेल तीवर गुजराण करायची. आवाज हीच त्यांची शेतीवाडी. गवयाच्या पोराला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. आईने पहाटे म्हणून घेतलेले हजारो श्लोक मुलीने कानांनीच उचलले.

पुढे दुष्काळ आला. पुराण ऐकायला माणसे उरली नाहीत. कष्टाच्या कामाची सवय नाही आणि भीक मागवत नाही, अशा स्थितीत १८७४ साली काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. आईच्या तिरडीला चौथा खांदा मिळेना. तो सोळा वर्षांच्या रमाबाईंनी दिला, पण उंची कमी पडल्यामुळे त्यांना आपला भार डोक्यावर घ्यावा लागला. पुढच्या आयुष्यातले सारे वाद वाचताना मला हे एक दृश्य विसरता येत नाही.

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ साली वैधव्य आले. कडेवर मनोरमा होती. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेतून निधी जमवून १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढे पुण्यास नेले.

१८९३ चे वादळ सर्वांना माहीत आहे. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात असे कळल्यावर भांडारकर, रानडे ह्यांसारखे हितचिंतकही बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांना मी दोष देणार नाही. धर्मात ढवळाढवळ होणार नाही ह्या भरवशावर त्यांनी मुली धाडल्या होत्या. पण बाईंनी चोरून काही केले असेही मला वाटत नाही. प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या खोलीचे दार उघडेच असे.

मात्र तो उसासा १८९३ लाच थांबतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व बायका घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला आणि तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, माग बसवले, आंधळ्या मुलींना उठावाची अक्षरे बोटांनी वाचायला शिकवले. पैसा मुख्यतः परदेशातून येई, पण धान्य, भाजीपाला जमेल तितका शेतातलाच. १९०५ च्या सुमारास तिथल्याच मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत प्रचाराला जाऊ लागल्या. प्रचारक बाहेरून मागवण्याऐवजी बाईंनी ते घरीच तयार केले. पुराणिकाच्या मुलीला ह्यात नवल वाटले नसावे. मनोरमाबाईंनी पुढे गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली.

आणि हे बायबल. त्यासाठी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतात शास्त्रार्थ करणाऱ्या ह्या बाईने भाषांतरात मात्र जड शब्द कटाक्षाने टाळले, कारण वाचणाऱ्या होत्या दुष्काळातून आलेल्या मुली. खिळे जुळवणाऱ्याही त्याच. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

निपाणीच्या आजींची आजी त्या केडगावात वाढलेली. गुजरातेतल्या कुठल्या गावची, कोणाची, हे तिला स्वतःलाही सांगता येत नसे. नाव केडगावातच मिळालेले. हे सांगून आजींनी ग्रंथ फडक्यात गुंडाळला आणि नात गेल्या खेपेचा भूप म्हणून दाखवू लागली.