विश्लेषण : लॉटरीने श्रीमंत झालेला लेखक… व्हॉल्टेअर यांना सरकारची कोणती चूक सापडली?

लॉटरी लागून रातोरात श्रीमंत झालेल्यांच्या बातम्या आवडीने वाचल्या जातात. सुमारे ३०० वर्षांपूर्वी फ्रेंच लेखक व्हॉल्टेअर यांनाही लॉटरी लागली. तीही एकदा नाही, महिनोन्महिने. हे कसे घडले?

व्हॉल्टेअर कोण होते?

२१ नोव्हेंबर १६९४ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या या लेखकाचे मूळ नाव फ्रान्स्वा-मारी आरुए. मुलाने वकील व्हावे, ही वडिलांची इच्छा. मुलाला मात्र लेखनाचे वेड. सत्ताधाऱ्यांची खिल्ली उडवल्याबद्दल १७१७ मध्ये त्यांना बास्तीलच्या तुरुंगात ११ महिने काढावे लागले. १७२६ मध्ये एका उमरावाने नोकरांकरवी त्यांना मारहाण केली. तुरुंगात गेले ते व्हॉल्टेअरच, आणि पुढे देश सोडून इंग्लंडला जावे लागले. लेखक कितीही गाजला तरी पैसा आणि घराणे नसेल तर त्याला संरक्षण नाही, हा धडा त्यांना मिळाला.

लॉटरी नेमकी कसली होती?

फ्रेंच सरकार तेव्हा कर्जबाजारी होते. पॅरिस शहराच्या रोख्यांवरील व्याज सरकारने घटवल्याने त्यांचा बाजारभाव कोसळला होता. नाराज रोखेधारकांसाठी लॉटरी सुरू झाली. रोख्याच्या दर्शनी किमतीच्या एक हजारांश रकमेत तिकीट मिळे. नंबर लागला की रोख्याची पूर्ण दर्शनी किंमत आणि वर मोठे बक्षीस. त्यासाठी सरकार तिजोरीतूनही भर घालत होते.

चूक कुठे झाली?

एक लाख लिव्रचा (तेव्हाचे फ्रेंच चलन) रोखा असलेल्याला तिकिटासाठी १०० लिव्र मोजावे लागत, तर एक हजारचा रोखा असलेल्याला फक्त एक. मोठे बक्षीस लागण्याची शक्यता मात्र दोघांना सारखीच! म्हणजे एका मोठ्या रोख्याऐवजी १०० छोटे रोखे घेतले, तर तेवढ्याच खर्चात १०० पट संधी. शार्ल-मारी द ला काँदामीन या तरुण गणितज्ञाने हे हेरले. १७२९ मध्ये त्याने व्हॉल्टेअर यांना सांगितले आणि दोघांनी गट जमवून छोटे रोखे व तिकिटे घाऊक विकत घेतली. सोडती दर महिन्याला होत आणि बक्षिसे बहुतांशी याच गटाकडे जात. सरकारने तक्रार केली, पण नियम मोडलाच नव्हता. निकाल गटाच्या बाजूने लागला आणि १७३० मध्ये लॉटरी बंद पडली. व्हॉल्टेअर यांच्या वाट्याला सुमारे पाच लाख लिव्र आले, असा अंदाज सांगितला जातो.

मग आपणही असे जिंकू शकतो का?

साधे गणित करू. समजा, १० रुपयांची एक लाख तिकिटे विकली गेली. जमा झाले १० लाख. त्यातले पाच लाख बक्षिसांना दिले, तर १० रुपयांच्या तिकिटाचे सरासरी मोल पाच रुपयेच. सगळी तिकिटे एकट्याने घेतली तरी पाच लाखांचा तोटा. व्हॉल्टेअर यांच्या लॉटरीत हे गणित उलटे होते. सरकार जमेपेक्षा जास्त वाटत होते. तरीही लोक तिकीट काढतात, कारण गेलेले १० रुपये जाणवत नाहीत आणि सोडतीपर्यंत स्वप्न हाती असते. जिंकणाऱ्याचा फोटो छापून येतो, हरणाऱ्या हजारोंचा नाही.

पैशांचे पुढे काय झाले?

व्हॉल्टेअर यांनी पैसा व्यापारात आणि कर्जाऊ देण्यात गुंतवून वाढवला. उतारवयात स्वित्झर्लंडच्या सीमेलगत फेर्नी येथे जमीन घेतली, म्हणजे अटकेची वेळ आलीच तर सीमा जवळ. तिथूनच त्यांनी झाँ कालास यांच्यासाठी लढा दिला. तुलूझच्या या प्रोटेस्टंट व्यापाऱ्याला मुलाच्या खुनाच्या खोट्या आरोपावरून १७६२ मध्ये देहदंड देण्यात आला होता. तीन वर्षांनी, १७६५ मध्ये, ते निर्दोष ठरले. ३० मे १७७८ रोजी पॅरिसमध्ये व्हॉल्टेअर यांचे निधन झाले. कोणा उमरावापुढे हात पसरावा न लागल्यानेच ते असे बोलू आणि लढू शकले.