रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन

रसायनशाळेंत आम्ही जो बर्नर पेटवितों, त्यास बुन्सेन यांचें नांव आहे, हें आम्हां सर्वांस ठाऊक आहे. परंतु प्रयोग करीत असतांना त्या थोर पुरुषाचा एक डोळा कायमचा गेला, हें आम्हांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

रॉबर्ट बुन्सेन यांचा जन्म इ. स. १८११ मध्यें जर्मनींतील गटिंगेन या शहरीं झाला. त्यांचे वडील तेथील विश्वविद्यालयांत भाषांचे प्राध्यापक होते. बुन्सेन यांनीं रसायनाची पदवी तेथेंच मिळविली. इ. स. १८३४ मध्यें बर्थोल्ड या सहकाऱ्याबरोबर त्यांनीं एक मोठा शोध लावला. सोमल पोटांत गेला असतां ताजें तयार केलेलें लोहाचें हायड्रॉक्साइड दिल्यास तें विष बांधलें जातें, असें त्यांनीं दाखवून दिलें.

इतरांस सोमलापासून वांचविणाऱ्या या पुरुषालाच पुढें सोमलानें गांठलें. सोमलापासून होणाऱ्या कॅकोडिल नामक द्रव्यांचा अभ्यास त्यांनीं हातीं घेतला. हीं द्रव्यें विषारी व अत्यंत दुर्गंधी. कॅकोडिल तर हवा लागतांच पेट घेतें. कॅकोडिल सायनाइडाचा एकदां स्फोट होऊन त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टि गेली, आणि विषारी वाफांनीं ते मरणाच्या दारीं जाऊन परत आले. तरीही हातीं घेतलेलें काम त्यांनीं पुरें केलें.

इ. स. १८५२ मध्यें ते हायडेलबर्ग येथें प्राध्यापक झाले. तेथें देसागा या कारागिराकडून त्यांनीं नवा बर्नर करविला. ज्वलनापूर्वींच वायूंत हवा मिसळल्यामुळें त्याची ज्योत काजळी न धरतां कडक तापते. या शोधाचा मक्ता त्यांनीं घेतला नाहीं. किर्खोफ यांच्यासह ज्योतीच्या रंगांचें पृथक्करण करून त्यांनीं इ. स. १८६० मध्यें सीझियम व १८६१ मध्यें रुबिडियम हीं मूलद्रव्यें शोधिलीं. इ. स. १८९९ मध्यें हायडेलबर्ग येथेंच त्यांचा अंत झाला.

बुन्सेन यांच्या हाताचें कौशल्य सर्वमान्य होतें. तरी अपघातानें त्यांस सोडलें नाहीं. मग आम्हां शिकाऊंची काय कथा? नळींत काय होत आहे हें पाहण्यासाठीं आम्ही डोळा तिच्या तोंडाशीं नेतों. वास घेण्यास नाक थेट बाटलीवर धरतों. संरक्षक चष्मा घालण्याचा आम्हांस कंटाळा येतो. बर्नरची निळी ज्योत भर उजेडांत नीट दिसत नाहीं, आणि तिच्यावरून बाही केव्हां जाते हेंही कळत नाहीं. म्हणून बर्नर पेटवितांना त्याचीं हवेचीं भोकें बंद असावींत, काम थांबतांच तीं पुन्हां बंद करून ज्योत पिवळी ठेवावी, नळीचें तोंड कोणाकडेही वळवूं नये, आणि आम्लांत पाणी न ओततां पाण्यांतच आम्ल हळूहळू घालावें. हे नियम क्षुल्लक वाटतात. पण त्यांतील एकेक कोणाच्या तरी दुखापतीनंतरच शहाणपणानें लिहिला गेला असला पाहिजे.

एका डोळ्यानें बुन्सेन यांनीं दोन मूलद्रव्यें जगास दिलीं, हें खरें. परंतु तसें करून दाखविण्याचा प्रसंग आम्हांपैकीं कोणावरही न येवो.