आठ कप चहा

मोताळा तालुक्यातल्या आमच्या धामणगाव बढे गावी नानांची एक पैज ठरलेली असे. चुलीवरचा चहा कोणता आणि गॅसवरचा कोणता, हे आपण डोळे मिटून सांगू! एका दिवाळीत आम्ही भावंडांनी त्यांची परीक्षाच घेतली. चार कप चुलीवरचे, चार गॅसवरचे. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. नानांनी चुलीवरच्या चारांपैकी तीन ओळखले. घरात जल्लोष झाला. मला मात्र सर रोनाल्ड फिशर आठवले.

फिशर यांचा जन्म १८९० साली लंडनमध्ये झाला. दृष्टी अधू, म्हणून शिक्षकांनी त्यांना कागद-पेन्सिलीशिवाय गणित शिकवले. आकृत्या मनातच पाहायची सवय तिथे लागली. अधू डोळ्यांमुळेच १९१४ मध्ये सैन्याने त्यांना नाकारले. काही वर्षे मास्तरकी करून १९१९ साली ते रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात आले. शेताच्या कोणत्या तुकड्याला कोणते खत द्यायचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, हा त्यांचा आग्रह. आपली कृषी विद्यापीठेही आज त्याच वाटेने जातात.

तिथेच एका दुपारी शेवाळांच्या अभ्यासक डॉ. म्युरिअल ब्रिस्टल यांनी त्यांनी दिलेला चहा नाकारला. कपात दूध आधी ओतले की नंतर, हे चवीवरून कळते, असे त्यांचे म्हणणे. फिशर यांनी ते हसण्यावारी नेले नाही. १९३५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी याच आठ कपांचा हिशेब मांडला. आठांतून चार कप ७० प्रकारे निवडता येतात; म्हणजे चारही केवळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. पण तीन किंवा अधिक बरोबर येतील असे प्रकार १७. जवळजवळ चारात एक! नानांचा विजय असा कच्चा होता. गिनेसच्या बिअर कारखान्यातले त्यांचे स्नेही गॉसेट यांनीही १९०८ मध्ये थोड्या नमुन्यांवरून अंदाज किती पक्का मानावा, याचे गणित मांडले होते.

पण हेच फिशर पाइप ओढत, आणि धूम्रपानाने कर्करोग होतो, हे अखेरपर्यंत मानायला तयार नव्हते. १९६२ साली ते वारले. पुढच्या पुराव्यांनी त्यांना चूक ठरवले.

नानांच्या हातातही बिडी असे. ती आपल्याला बाधत नाही, असे ते म्हणत. चहाची परीक्षा घेणाऱ्या आम्हाला त्या समजुतीबद्दल विचारायचे मात्र कधी सुचले नाही. शेवटची दोन वर्षे त्यांना धाप लागे; चहाचा कपही आम्हीच धरत होतो.